डीबीच्या पेटीत कोण कुठे बसतं आणि का

मागच्या अंकात अर्थिंगबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त फोटो होते ते घरातल्या डीबीचे (डिस्ट्रिब्यूशन बोर्डचे), म्हणजे दाराच्या मागे किंवा पॅसेजमध्ये जी एमसीबीची, करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांची, पेटी असते तिचे. फोटो बघताना एक गोष्ट सारखी जाणवत होती की बहुतेक पेट्यांवर कुठला एमसीबी कशाचा हे लिहिलेलंच नाहीये, आणि ज्या माणसाला रोज त्या घरात राहायचंय त्याला आपली पेटी वाचता येत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न डीबीचेच घेतलेत. मी ३० वर्षं वायरिंगची कामं केली, त्यातून जे कळलं तेच सांगतोय.

प्रश्न : काका, आम्ही मागच्या वर्षी पिंपरीत टू बीएचके घेतला. डीबीत डावीकडे दोन मोठे स्विच आहेत आणि पुढे दहा छोटे, कुणावर ६ लिहिलंय, कुणावर १६, दोघांवर २०. त्यातला एक १६ चा एमसीबी सकाळी नेमका गडबडीत पडतो, गिझर चालू असतो, इंडक्शनवर चहा आणि मिक्सर लावला की थोड्या वेळाने खटकन बंद. इलेक्ट्रिशियन म्हणतो २५ चा टाकून देतो, ताप संपेल. टाकू का?

नका टाकू ताई. आधी हे उत्तर, मग कारण.

तुमची पेटी डावीकडून वाचायला सुरुवात करा. मीटरवरून आलेली फेज (करंट घेऊन येणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) पहिल्यांदा त्या पहिल्या मोठ्या स्विचमध्ये शिरते, तो एकतर आयसोलेटर असतो नाहीतर डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. आयसोलेटर असेल तर तो नुसता हाताने बंद करायचा स्विच, तो आपणहून कधीच पडत नाही, हे लक्षात ठेवा कारण बऱ्याच जणांना वाटतं तोही रक्षण करतोय. त्याच्या शेजारी ज्याच्यावर छोटं टेस्टचं बटण आहे तो आरसीसीबी, करंटची गळती झाली की पडणारा, त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितो. त्यातून बाहेर पडलेली फेज खाली एका तांब्याच्या पट्टीला जाते, तिला बसबार म्हणतात, कंगव्यासारखी दात असलेली असते, आणि तिचा एकेक दात एकेका छोट्या एमसीबीच्या बुडात शिरतो. म्हणजे सगळ्या एमसीबींना फेज एकाच पट्टीतून मिळते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून एक वायर निघून आपापल्या खोलीकडे जाते. न्यूट्रल मात्र या एमसीबीतून जातच नाही, ती सरळ न्यूट्रल लिंक नावाच्या पितळी पट्टीवर स्क्रूने आवळलेली असते, आणि हिरव्या वायरी अर्थच्या पट्टीवर. काही पेट्यांत मेन उजवीकडे असतो, पण क्रम हाच.

आता ६ आणि १६ चा अर्थ. ६ चे म्हणजे लाईट-पंख्याचे, त्यांच्यामागे दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर असते. १६ चे म्हणजे पॉवर पॉईंट, मागे अडीचची वायर. २० चे बहुतेक एसीचे, चारची वायर. या जोड्या आधी वायर बघून ठरतात. भिंतीच्या आत पाइपातून, दोनचार वायरींच्या गर्दीत गेलेली अडीचची तांब्याची वायर साधारण १८-२० अँपिअरपर्यंत निवांत काम करते, त्याच्या पुढे तापायला लागते, तिच्यावरचं पीव्हीसीचं कव्हर ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. एमसीबी तुमच्या गिझरला किंवा मिक्सरला वाचवायला बसवलेला नसतो, तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. एवढं एक वाक्य जरी घरातल्या सगळ्यांना माहीत झालं तरी मला खूप बरं वाटेल.

तुमचा हिशोब मांडू. २००० वॅटचा गिझर भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. इंडक्शन २००० वर असेल तर तेवढेच, झाले १७.४. मिक्सर ७५० वॅटचा, त्याचे ३.३, एकूण २०.७. आता लोकांना वाटतं १६ चा एमसीबी १६ अँपिअर झाले की पडतो. तसं नसतं, एमसीबीच्या स्टँडर्डप्रमाणे त्याने १.१३ पट करंट, म्हणजे इथे १८ अँपिअर, एक तास न पडता सहन करायला पाहिजे आणि १.४५ पट म्हणजे २३ झाले तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. तुमचे १७.४ त्या पहिल्या रेषेच्या जेमतेम आत आहेत म्हणून गिझर-इंडक्शन दोन्ही चालतं, आणि मिक्सर आला की तुम्ही दोन रेषांच्या मधे जाता म्हणून तो लगेच न पडता थोड्या वेळाने पडतो. आत दोन धातूंची चिकटवलेली एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि वाकत वाकत खटका सोडते, त्यामुळे वेळ लागतो. बंद पेटीत उन्हाळ्यात ती आधीच कोमट असते, तेव्हा अजून लवकर. म्हणजे तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, अगदी प्रामाणिक काम करतोय.

त्या जागी २५ चा टाकला तर तो २८ अँपिअर तासभर जाऊ देईल, त्याच अडीचच्या वायरमधून. पहिल्या दिवशी काही होणार नाही, वर्षभरही होणार नाही कदाचित, कव्हर हळूहळू कडक होत जाईल, जॉइंटपाशी काळं पडेल, आणि ते सगळं भिंतीच्या आत, दिसणार कुणाला नाही. पुण्यातल्या एका घरात पॉइंटचा बोर्ड उघडला तर आतल्या वायरीचं कव्हर हाताने मोडून पडलं, बिस्किटासारखं, आणि डीबीत बघतो तर कुणीतरी ३२ चा बसवलेला. त्या घरात लहान मुलं होती, मी तो एमसीबी काढल्याशिवाय तिथून निघालो नाही.

खरा उपाय असा की गिझरला डीबीतून स्वतःची वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी पाहिजे. बाथरूमचा गिझर आणि किचनचे पॉवर पॉईंट एकाच एमसीबीवर देणं ही बिल्डरकडची काटकसर असते. आयएस ७३२ नावाचं जे वायरिंगचं स्टँडर्ड आहे त्यात आधीपासून असं होतं की पॉवरच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दोन पॉईंट, आणि लाईट-पंख्याच्या सर्किटवर दहा पॉईंट किंवा ८०० वॅट. डीबीत एखादी जागा रिकामी असेल, तिथे प्लास्टिकची पट्टी लावलेली दिसते, तर तिथे नवीन एमसीबी बसतो, वायर मात्र पाइपातून ओढायला लागेल किंवा वरून केसिंग पट्टीतून न्यायची. ते होईपर्यंत गिझर बंद करून मग मिक्सर लावा.

जाता जाता, एमसीबीवर नुसतं १६ नसतं, सी १६ किंवा बी १६ असतं. ते अक्षर शॉर्टसर्किटच्या वेळी तो किती पट करंटला क्षणात पडेल ते सांगतं, बी म्हणजे ३ ते ५ पट, सी म्हणजे ५ ते १०. मोटर, कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर खूप करंट खेचतात म्हणून एसी, पंप यांना सी, आणि गिझरसारख्या नुसत्या कॉइलच्या वस्तूला बी चालतो. खाली चौकोनात १०००० लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या अँपिअरचा शॉर्टसर्किट करंट तो सुरक्षित तोडू शकतो.

प्रश्न : नाशिकला आमचं जुनं घर आहे, किटकॅट फ्यूज (जुने, तार घालायचे) काढून सगळे एमसीबी बसवले. वायरमन म्हणाला आता शॉक बसला तरी एमसीबी पडेल, आरसीसीबीचा खर्च कशाला. बरोबर आहे का?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. ६ चा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर. माणसाच्या अंगातून जाणारे ३० मिलीअँपिअर सुद्धा धोक्याचे असतात. म्हणजे माणूस वायरीला चिकटलेला असताना एमसीबीच्या दृष्टीने एखादा छोटा दिवा लागल्यासारखं असतं, त्याला पत्ताच लागत नाही.

आरसीसीबी वेगळ्या पद्धतीने बघतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात, जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे, आणि त्यात ३० मिलीअँपिअरपर्यंतचा फरक पडला की याचा अर्थ करंट दुसरीकडून कुठून तरी, म्हणजे जमिनीत किंवा माणसातून चाललाय, मग तो काही मिलीसेकंदात दोन्ही वायरी तोडतो. पण तो जास्तीच्या लोडवर पडत नाही, शॉर्टसर्किटवरही नाही, म्हणून दोघेही लागतात. विकत घेताना ३० मिलीअँपिअरचाच बघा, १०० आणि ३०० चे आगीसाठी असतात, माणसासाठी नाही. आणि एका हातात फेज दुसऱ्या हातात न्यूट्रल अशी कुणी धरली तर आरसीसीबीलाही ते कळत नाही, कारण गेलेला करंट परत येतोच आहे. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पडला नाही तर बदला. मात्र ते दाबून पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजू नका, त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नसतो, अर्थिंग मीटर लावूनच मोजावं लागतं.

प्रश्न : रत्नागिरीजवळ गावी घर आहे, आई-बाबा तिथेच असतात. जून लागला की आरसीसीबी पडायला लागतो, रात्री दोनला, पहाटे चारला, कधीही. बाबांनी सगळे एमसीबी बंद करून बघितले तरी पडतो. शेवटी गावातल्या माणसाने आरसीसीबी बायपास करून दिला, आता लाईट जात नाही. पण मला भीती वाटते. काय करावं?

भीती बरोबर आहे, पहिलं काम तो बायपास काढायचा, आजच फोन करा.

कारण सांगतो. कोकणात जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा घेणं किती अवघड ते तुम्हाला माहीत असेल, तिथे अर्थिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बऱ्याचदा जास्त येतो. समजा २० ओहम आला. विहिरीच्या पंपाच्या बॉडीला फेज लागली तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील, आणि पंपाचा १६ चा एमसीबी जागचा हलणार नाही. पंपाची बॉडी जिवंत राहील, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून कुणीतरी त्याला हात लावेल. अशा घरात आरसीसीबी ही एकच गोष्ट आई-बाबांच्या आणि त्या करंटच्या मधे उभी असते.

आता सगळे एमसीबी बंद केले तरी का पडतो, यावर बरेच वायरमन गोंधळतात आणि मग आरसीसीबीच खराब म्हणून मोकळे होतात. तुमच्या डीबीत सिंगल पोल एमसीबी असणार, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल लिंकवर सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल तशाच जोडलेल्या राहतात. त्यातली एखादी न्यूट्रल कुठे तरी ओल्या भिंतीला, लोखंडी पाइपाला किंवा अर्थच्या वायरीला टेकली असेल तर थोडा करंट तिकडून जमिनीत निसटतो, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोनतीन व्होल्टचा फरक असला तरी तेवढा पुरतो. घरातलं काहीही चालू नसलं तरी गावातल्या दुसऱ्यांच्या लोडमुळे तो फरक तयार होतो, म्हणून रात्री-बेरात्री.

शोधायची रीत अशी. लायसन्स असलेल्या माणसाला बोलवा, मीटरकडचा मेन बंद करायला लावा, टेस्टरने फेज नाही ना बघून मग न्यूट्रल लिंकवरची एकेक वायर सोडवायची, प्रत्येकीला अर्थशी मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) किंवा निदान मल्टिमीटर लावून बघायचं. जी वायर कमी रेझिस्टन्स दाखवेल तिच्या मागे जायचं. राजापूरकडच्या एका घरात मी असंच पूर्ण एक दिवस घालवला, सगळं घर चांगलं निघालं, आणि दोष होता पडवीबाहेरच्या फाटकावरच्या दिव्यात, त्याच्या लोखंडी डब्यात पाणी साचून न्यूट्रलचा जॉइंट त्यात बुडालेला. त्या घरातल्या आजींनी आठवड्यापासून रात्री उठून उठून आरसीसीबी वर केला होता.

सापडेपर्यंत आणि नंतरही, बाहेरचे दिवे, पंप आणि न्हाणीघर यांना डबल पोल एमसीबी द्या म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात आणि बाबांना स्वतःला एकेक बंद करून दोषी कोण ते कळेल. खर्च जमत असेल तर याहून चांगलं म्हणजे बाहेरच्या सर्किटांना वेगळा आरसीबीओ. तो एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हीचं काम एकटा करतो, आणि बाहेर पाऊस लागला तर फक्त बाहेरचे दिवे जातात, घरातला पंखा आणि फ्रीज चालू राहतो. डीबीची रचना करताना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो, की हा पडला तर त्याच्याबरोबर अंधारात कोण कोण जाणार? जिन्याचा दिवा आणि जिन्याजवळचा प्लग एकाच एमसीबीवर नको, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीचा लाईट किचनच्या सर्किटवर नको, फ्रीज कुणाच्याच बरोबर नको.

प्रश्न : कोल्हापूरला आमचा बंगला, थ्री फेज कनेक्शन. मागच्या महिन्यात अचानक हॉलचे लाईट मंद झाले आणि वरच्या बेडरूमचे भडक, टीव्ही आणि राऊटर दोन्ही गेले. एमसीबी एकही पडला नाही. एमसीबी खराब होते का?

एमसीबी ठीक होते. तुमची न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली होती.

थ्री फेजच्या डीबीत तीन बसबार असतात, लाल, पिवळा, निळा, आणि खोल्या त्यांच्यात वाटून दिलेल्या असतात. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, पण दोन फेजांच्या मधे ४००. न्यूट्रल शाबूत असते तोपर्यंत प्रत्येक खोलीला आपले २३० मिळतात. ती सुटली की लाल फेजवरचा लोड आणि पिवळ्या फेजवरचा लोड एकमेकांच्या मागे जोडल्यासारखे होतात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात, आणि गंमत नाही तर दुर्दैव असं की जो लहान असतो त्याच्या वाट्याला जास्त येतात. लालवर २००० वॅटचा गिझर आणि पिवळ्यावर टीव्ही-दिवे मिळून २०० वॅट धरले, तर गिझरला ३५-४० व्होल्ट आणि टीव्हीला ३६० च्या आसपास. म्हणून एकीकडे मंद, दुसरीकडे भडक. एमसीबी व्होल्टेज बघत नाही, करंट बघतो, त्यामुळे तो गप्प राहिला.

परत असं दिसलं तर काही न बघता आधी मेन बंद करा, मग वीज कंपनीला फोन. न्यूट्रल मीटरच्या पलीकडे खांबावर सुटली असेल तर त्यांचं काम, आत सुटली असेल तर तुमचं. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर जिथे तांब्याला किंवा पितळी टर्मिनलला जोडलेली असते ती जागा पहिल्यांदा बघायला सांगा, तिथे सैल पडतं. वर्षातून एकदा मेन बंद करून न्यूट्रल लिंकचे सगळे स्क्रू आवळून घ्यावेत, दहा मिनिटांचं काम आहे. एका स्क्रूखाली दोनतीन वायरी कोंबलेल्या असतील तर वेगळ्या करून घ्या. मेनला फोर पोल, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा, असू द्या आणि न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज कधीही नको. ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मिळतो, तो डीबीतच बसतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सगळं तोडतो, थ्री फेजच्या घराला मी तो आवर्जून सुचवतो. आणि वाटणी तपासा, दोन्ही एसी आणि गिझर एकाच फेजवर असतील तर हलवून घ्या.

प्रश्न : ठाण्यात घराचं काम काढलं तेव्हा नवीन डीबीत दोन आरसीसीबी घेतले, एक लाईटला एक पॉवरला, म्हणजे एक पडला तरी दुसरा चालू. आता इन्व्हर्टर जोडल्यापासून कुठलाही पंखा लावला की एक आरसीसीबी पडतो, कधी दोन्ही.

दोन आरसीसीबीचा विचार उत्तम होता. चूक जोडणीत झालीय. तुमच्या इन्व्हर्टरचा प्लग पॉवरच्या आरसीसीबीखालच्या पॉइंटमध्ये आहे, तिथून फेज इन्व्हर्टरमधून पंख्याला जाते आणि पंख्याची न्यूट्रल मात्र जुन्या वाटेने लाईटच्या आरसीसीबीच्या लिंकवर परत येते. करंट एकातून गेला आणि दुसऱ्यातून आला, म्हणजे दोघांनाही वाटतं गळती झाली. एका आरसीसीबीची न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर कधीही जाता कामा नये, म्हणून प्रत्येकाची न्यूट्रल लिंक वेगळी. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांच्या फेज वेगळ्या काढायच्या, त्यांच्याच न्यूट्रलही वेगळ्या काढायच्या, त्या इन्व्हर्टरच्या न्यूट्रलवर नेऊन एका स्वतंत्र छोट्या लिंकवर बांधायच्या आणि त्यांच्यासाठी डीबीत दोनतीन एमसीबी बाजूला, वेगळ्या बसबारवर ठेवायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

हे करताना पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की मेन बंद केला तरी इन्व्हर्टरचे एमसीबी चालूच राहतात. उद्या कुणी पंख्याची कॉइल बदलायला येईल, मेन पाडून निर्धास्त शिडीवर चढेल, आणि बॅटरीवरून आलेले २३० व्होल्ट तसेच वायरीत असतील. त्याला आधी इन्व्हर्टर बंद करायला सांगा आणि टेस्टर लावून बघितल्यावरच हात घालू द्या.